बीम

आमच्या घरात हा शब्द भाकरीच्या आधी आला.
'बीम संपला' म्हणजे नान्ना दुपारीच दारात,
आणि आईच्या सुपात तेंदूची पानं रात्रीपर्यंत.
'बीम आला' म्हणजे शनिवारी मटण.

नान्ना सांधायचे.
जुन्या बीमच्या शेपटाला नव्याचं टोक,
दोन हजार चारशे गाठी,
बोटांना राख लावून, मान खाली.
मोजायचे तेलुगूत.
आकडा चुकला की शिवी मात्र मराठीत.

रात्रपाळीला अक्कलकोट रोडनं सायकलवर जाताना
समोरच्या ट्रकला ओरडायचे,
'बीम खाली घे की रे!'
मला वाटायचं, त्यातही सूतच असणार.
पांढरं, अंगावर येणारं.

मग घरकुलात जागा मिळाली.
फळीवर उभा राहून मुकादम शिवप्पा म्हणाला,
'उद्या बीम भरायचाय, सहाला या.'
नान्ना सहाला हजर, खिशात राखेची पुडी.
तिथं खडी, सिमेंट, सळया.
बायका पाट्या वर देत होत्या.
'ह्यांच्या बीमला सूतच नाही,' घरी येऊन म्हणाले.
पण सळ्यांवरच्या तारेच्या गाठी
त्या दिवशी त्यांनीच आवळल्या,
शिवप्पाच्या पोरांना बाजूला सारून.

आता मी पोरांना इंग्रजी शिकवते.
मंगळवार बाजारात साठ रुपयांना घेतलेला,
पाठ उसवलेला कोश आहे माझ्याकडे.
तो म्हणतो, हे सगळं एकच.
फार जुन्या इंग्रजीत बीम म्हणजे झाड.
उभं, पानांचं, पाखरांचं.
तोडलं की तुळई,
तासून मागावर आडवं टाकलं की सुताचं.
उजेडापाशी कोश जरा चाचरतो.
कुठल्या मठात लॅटिन पोथी उतरवताना
अग्नीचा खांब आला असावा मधे,
आणि खांब म्हणायला हाताशी शब्द होता झाडाचाच.
असावा, म्हणतो. खात्री देत नाही.

मी नान्नांना वाचून दाखवलं.
मोतीबिंदू काढल्यापासून ते आवाजाकडे बघतात.
'चेट्टु?'
हो, झाड.
'कुठलं?'
कोशात नाही.
'नुसतं झाड असतंय का कुठं?'
चिडलेच.
'सागाचा बीम वाकत नाही.
आंब्याचा पावसाळ्यात फुगतो, कापड तिरकं येतं.
बाभळीला हात लावू नये, धागा ओढते.
आज्जाच्या हातमागाला कुठला होता
ते मी डोळे मिटून सांगतो.'
सांगितलंच नाही.

समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलं:
कुठलं झाड, विचारलंय.

रात्री ते पलंगावर उताणे,
वर आमचा बीम, चुन्याखाली.
आत तारेच्या गाठी.
'किती होत्या हो?' सहज विचारलं.
त्यांनी लगेच आकडा सांगितला.
तेलुगूत.
मला शंभराच्या पुढचं येत नाही.