पुढच्या दाराशी

पत्र आलं तेव्हा मी फ्रीजरमधून लाल बेरींचे डबे काढत होते.
सरकारी लिफाफा, शिक्का, तारीख,
आणि माझ्या नावापुढे एक लांबलचक शब्द:
एदुनवल्वोया.
आउलिस केम्पाइनेन, वय एकोणऐंशी, यांची.
यांची म्हणजे माझ्या भावाची.

कायानीच्या कचेरीतल्या बाई म्हणाल्या,
दरसाल हिशेब द्यायचा, पावत्या जपायच्या.
पेन्शन, जळाऊ लाकूड, औषधं,
केस कापल्याचे एकोणीस युरो.
मी म्हटलं, जपेन.
पावत्याच ना, असं मात्र विचारलं नाही.

घरी येऊन शब्द फोडला,
आई मासा साफ करायची तसा, शेपटीकडून.
वल्वोया : जागणारी.
आमच्याकडे देखरेख करणं आणि रात्र जागून काढणं
दोन्हीला एकच क्रियापद.
आजारी वासराशेजारी बसते तीही वल्वोया,
परीक्षेत बाकांमधून फिरतो तोही.
वेगळे शब्द करायची तसदी कुणी घेतली नाही.
थंडी असेल, किंवा चिक्कूपणा.

उरला एतु : हित, फायदा.
कायद्याला एवढंच पुरतं.
पण एतु म्हणजे पुढचाही.
घोड्याचे पुढचे पाय,
पुढचे दात,
घराचं पुढचं दार.
इथे मी थांबले. कॉफी निवून गेली.

कारण नाताळानंतर आउलिस रात्रीचा उठायला लागला.
दोन वाजता, कधी सव्वातीनला,
पायजम्यावर लोकरी टोपी चढवून निघतो
धारा काढायला.
गाई विकल्या त्याला पस्तीस वर्षं झाली.
बाहेर उणे एकतीस.
म्हणून मी गादी ओढत आणली
पुढच्या दाराशी, बुटांच्या शेजारी,
फटीतला वारा नेमका कमरेला लागतो तिथे.
शब्दकोश उघडण्याच्या कितीतरी आधी.

तो येतो. मला ओलांडायला पाय उचलतो, थबकतो.
कोण आपण, विचारतो,
परक्या बाईला विचारावं तसं, अदबीनं.
पहिल्या रात्री मी सांगितलं, तुइरे. तुझी बहीण.
त्याला पटलं नाही.
बहीण सात वर्षांची आहे म्हणाला,
आत झोपलीय, आवाज करू नका,
खोकला आहे तिला. आई रात्रपाळीला गेलीय.
मी आहे जागा.

आणि गादीच्या कडेला बसला,
दाराकडे पाठ करून,
थेट पाच वाजेपर्यंत.
मला मध्येच डोळा लागला.

मार्चअखेर हिशेब भरला.
लाकडं, औषधं, दाराला नवी कडी.
केस कापल्याची पावती काही सापडली नाही.
शेवटी सही, आणि सहीखाली तो शब्द, छापलेला.
त्याला जागले म्हणायचं
की नुसतीच जागले,
ते कचेरीनं ठरवावं.