दृश्यता

चौकशी समितीला सांगितलं तेच सांगतो :
सहा चाळीसला मी गच्चीवर होतो,
कानटोपी, हातात नोंदवही,
आणि पाण्याची टाकी मला दिसली.

यंत्र होतं, पण डिसेंबरपासून बंद.
म्हणून जुनीच रीत :
कडुनिंब दिसला तर दोनशे मीटर,
कुंपणाचा कोपरा चारशे,
टाकी आठशे,
आणि किल्ला दिसला तर काळजी नाही, चहा मागवा.
जानेवारीत ग्वाल्हेरला सकाळी किल्ला नसतो.
एवढा डोंगर, धुकं रात्रीच उचलून नेतं
आणि अकराच्या सुमाराला आणून ठेवतं,
जिथल्या तिथे.

मी लिहिलं : आठशे.
भदौरियाने टॉवरला कळवलं : आठशे.
टॉवरने वर विमानाला.
वैमानिक म्हणाला, आठशे, धन्यवाद, सुप्रभात.
आवाज तरुण होता, थोडी सर्दी झालेला.

नंतरचा आवाज धडाम वगैरे नव्हता.
लोखंडी कपाट जिन्यावरून ओढत न्यावं तसा,
बराच वेळ.
मग कुत्री.
आम्ही धावलो, पण कुठे ते कळेना.
दाट धुक्यात आग दिसत नाही,
सगळीकडून नुसतं उजाडल्यासारखं होतं.
मोहरी कमरेच्या वर, ऐन फुलात.
त्यात एक बाई, खुर्चीसकट, पट्टा लावून बसलेली,
चपला नीट पायात.
म्हणाली, "भाऊ, बाड्यावर जायचंय, टेम्पो मिळेल ना?"
मी म्हटलं, मिळेल.

मंदाकिनी दिघे.
दोन याद्या लागल्या होत्या, त्यांतल्या दुसरीत.
दीर न्यायला आले होते.
दुपारपर्यंत तिथेच उभे, काखेत गजकाचा पुडा.

समितीने विचारलं, टाकी स्पष्ट दिसली?
मी म्हटलं, हो.
त्यांनी लिहून घेतलं. सही झाली.
नियमाप्रमाणे पुढची नोंद सात-दहाला होती,
मधल्या अर्ध्या तासाचं उत्तर
माझ्याकडे कुणी मागितलं नाही.

पण बावीस वर्षं मान त्याच दिशेला वळत आलेली.
तेव्हा टाकी दिसली म्हणून आठशे लिहिलं,
की ती तिथे आहे हे ठाऊक होतं
म्हणून दिसली?

यंत्र फेब्रुवारीत दुरुस्त झालं.
मी निवृत्त झालो.
बायको बाल्कनीतून हाक मारते,
"अहो, या, ऊन पडलंय, किल्ला बघा कसा लख्ख!"
मी खुर्चीतच डोळे मिटतो.

दिसतो.
बुरुजासकट दिसतो.