पाणसळ

गावभागात, नदीकडच्या बोळात,
मगदूमांच्या हॉलमध्ये लेझर लेव्हल लावली
तर लाल रेघ सरकत जाऊन
आधीच्याच एका रेघेवर बसली.
पेन्सिलीची. पडद्याच्या आड.
घराला दोनदा रंग देऊनही
तेवढा बोटभर पट्टा सोडलेला.

'पाण्याची हाय,' मगदूम म्हणाले,
'तुमच्या मशीनीपेक्षा सरळ.'
टेप लावून बघितली. साडेचार फूट.
ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत
एका सुताचा फरक नाही.

अट एकच : सगळं ह्या रेघेच्या वर.
बोर्ड, वायरी, पट्ट्या, अँप, पाचही स्पीकर,
आणि स्क्रीनसुद्धा. म्हटलं, काका, माना दुखतील.
म्हणाले, दुखू देत.

अडलं ते सबवूफरपाशी.
मी समजावत बसलो –
बास जमिनीतनं येतो,
तो डबा फरशीवरच पाहिजे,
पायातनं चढला पाहिजे आवाज.
वहीत चित्र काढून दाखवलं.
चित्र त्यांनी बघितलंच नाही.
'ह्या घराचा बास मी ऐकलाय,' म्हणाले.
'तीन रात्री आम्ही वर, माडीवर.
खाली फ्रिज तरंगत होता.
जिन्याच्या भिंतीला धडकायचा,
थांबायचा,
परत.'

तौफिक ड्रिल बंद करून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी माधवनगर रोडवरनं
अँगलचा स्टँड वेल्डिंग करून आणला.
चौदा किलोचा डबा पाच फुटांवर टांगला.
आमच्या धंद्यात असलं काम दाखवायचं नसतं,
मी फोटो काढला नाही.

मग सोफ्यावर, त्यांच्या जागेवर, माइक ठेवून
खोली मोजायला घेतली.
आवाज तळापासून वर चढत जातो – हूंऽऽऽ –
काचेच्या कपाटातले पेले थरथरले,
आणि मगदूमांनी हात वर केला.
'हाच. हाच होता.'
मी आकडा वाचला : चाळीस हर्ट्झ.
'चाळीस?' ते जरा हसले.
'चाळीसला तर नुसता इशारा असतो.'
पुलाच्या आकड्याशिवाय दुसरा चाळीस
ह्या बोळात कुणाला माहीत नाही.
तेवढाच सूर मी सहा डेसिबलनं खाली दाबला.
आलेख वाकडा झाला. राहू दिला.

डेमोच्या पेनड्राइव्हमध्ये पहिली क्लिप पाण्याची असते,
थेंब डोक्याभोवती फिरतात, गिऱ्हाइकं खूश होतात.
ती गाळली.
त्यांनी कबड्डीची मॅच लावायला सांगितली.

विमलाताई तोवर दिव्यांशी भांडत होत्या.
'लाईट घालव,' त्या म्हणायच्या.
मशीन म्हणायची, समजलं नाही.
'अगं घालव की!' समजलं नाही.
पुस्तकातलं 'बंद कर' तिला येतं,
आपलं 'घालव' येत नाही.
मी बसून शिकवलं. अकराव्यांदा अंधार झाला,
आणि त्या अंधारातच म्हणाल्या,
'आता चहा टाकायचा कसा?'

निघताना बॅगेतनं एक सेन्सर काढला,
काडेपेटीएवढा. ओल लागली की फोन वाजवतो.
उंबऱ्याच्या आतल्या कोपऱ्यात, फरशीवर ठेवला.
रेघेच्या खाली अख्ख्या घरात
माझं तेवढंच काम आहे.
बिलात धरलं नाही.

जानेवारीत, सकाळी सहाला
माझाही फोन वाजला. ॲप माझ्याकडनं काढायचं राहिलं होतं.
मी शर्टाची बटणं लावत फोन केला.
'फरशी पुसली वो नुसती,' विमलाताई म्हणाल्या.
मागं जिन्यात पावलं वाजत होती,
कुणीतरी काहीतरी जड
वर घेऊन चाललं होतं.
'अहो थांबा,' त्या ओरडल्या, फोनवर नाही,
'ठेवा ते खाली.'