सबब

उदगीरच्या कोर्टासमोर, लिंबाखाली, माझं टेबल.
वीस रुपये पान.
लोक सांगतात, मी टाइप करते:
अर्जदार व गैरअर्जदार यांच्यात
गेली चार वर्षे बोलणे नाही,
सबब

आणि इथं बोटं आपोआप वेग घेतात.
सबब म्हटलं की पुढचं सगळं कायदेशीर दिसतं.

माझाही एक अर्ज आहे.
तो मी कुणाच्या टेबलावर नेऊ?

तर लिहून देते, मी महानंदा, वय एकेचाळीस.
नवरा व्यंकट, डाळमिलमध्ये, पॉलिशच्या मशीनवर.
तुरीच्या भुशीनं पिवळा होऊन घरी यायचा,
टीव्ही लावायचा इतका मोठा
की पलीकडून गंगाबाई भिंत वाजवायच्या.
मी विचारायची, तिखट झालंय का?
तो भाकरी मोडायचा.
मी म्हणाले, भावाचा फोन होता, राणी पास झाली.
त्यानं तांब्या पुढं सरकवला.
पाणी कुठं मागितलं होतं मी?

मग एक दिवस गप्प बसून पाहिलं.
आठवडाभर. श्रावणभर.
त्याला फरक पडला नाही, सबब मलाही पडत नाही,
असं साल काढून, पॉलिश करून
स्वतःला सांगत राहिले.

बेलीफ बिरादार समन्स घेऊन खेडोपाडी हिंडायचे.
एका दुपारी टेबलाशी थांबून म्हणाले,
"जेवलाव का?"
एवढंच हो.
त्या दिवशी माझी चार पानं चुकली.

नळेगाव रोडला त्यांच्या बहिणीची खोली रिकामी होती.
अकरा वेळा गेले. मोजलंय.
तिथं मी इतकं बोलले
की एकदा ते मधेच झोपून गेले,
आणि मी छताकडं बघत
राणीच्या ॲडमिशनचं सांगतच राहिले.

मार्चमध्ये मिलवर तपासणीची गाडी आली.
व्यंकटनं कागद आणून माझ्यापुढं ठेवला.
वाचता येतं त्याला, तरी माझ्यापुढं.
डावा कान: जवळपास काही नाही.
उजवा: निम्म्याहून कमी.
किती दिवसांपासून: पाच-सहा वर्षे.

उजव्या बाजूला बसून मोठ्यानं विचारलं,
सांगितलं का नाहीस?
तो लाजल्यासारखा हसला.
"बहिरा म्हणून काढलं असतं की मालकानं.
तू बोलायलीस की मी तुझं तोंड हलताना बघायचो.
मग तू बोलायचंच बंद केलीस.
मला वाटलं, तुला कळलंय."

राणी.
पाणी.

आता रोज, गिऱ्हाईक नसलं की,
कोऱ्या पानावर जुळवून बघते.
त्यानं लपवलं, सबब मी गेले.
बसत नाही.
मी एकदाही ओरडून बघितलं नाही, सबब
बसत नाही, पुढं काही सुचत नाही.
अबोला दोघांचा होता.
नळेगाव रोडला रिक्षातून मी एकटी उतरले.

पण हेही खरं, आणि हे मी खोडणार नाही:
त्या खोलीत मला माझा आवाज ऐकू आला.
कसा असतो ते विसरले होते.
त्या अकरा दुपारांची लाज वाटते.
पश्चात्ताप म्हणतात तो
अजून हाताला लागलेला नाही.

बिरादारांची बदली झाली, अहमदपूरला.
राहिला व्यंकट, आणि त्याला सांगणं.
त्याला सांगायचं तर ओरडून सांगावं लागेल,
आणि भिंतीपलीकडं गंगाबाई.
की टाइप करून देऊ?
माझ्याकडून मी वीस रुपये घेणार नाही.

काल लाइट गेली. टीव्ही गप्प.
अंधारात त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं.
तो म्हणाला, "काय?"
घसा भरून आलेला, गल्ली चिडीचूप,
आणि मी म्हणाले,
"जेवलास का?"

"आत्ताच तर जेवलो," तो म्हणाला,
"तुझ्यासमोर."