दहा बोटांची पावती

टायपिंग इन्स्टिट्यूटला कुलूप लावलं
त्याच महिन्यात कटर मशीन घ्यायचं ठरवलं.
भाचा म्हणाला, मावशी, ऑनलाइन नवं मिळतं.
मला हात लावून घ्यायचं होतं,
सुती कापड घेतात तसं, कड चुरगाळून.

अंबडच्या पत्र्याच्या शेडमध्ये
दगू मिस्त्रींनी पोतं ओढून काढलं.
लोखंडी टेबल, दोन एचपीची मोटर, दहा इंची पातं.
पातं आणि फेन्स यांच्यातलं अंतर
मी पट्टीने पुढून मोजलं, मागून मोजलं.
"हे कुणी शिकवलं?"
कुणी नाही. कागद तिरका चढला
की सगळं पान तिरकं जातं.

मग त्यांनी डावा पंजा टेबलावर ठेवला.
तर्जनी पहिल्या पेरापाशी संपलेली.
सवयीने मनात आलं :
या बोटाकडे अक्षरांच्या दोन रांगा असतात,
सगळ्यात जास्त राबणारं बोट.
"कशानं?"
"शेवटची फळी होती. जेवायला हाक मारली होती."

अठरा सांगितले, मी पंधरा म्हटलं.
"साडेसोळा. आणि दर रविवारी
दोन्ही पंजांचा फोटो पाठवायचा.
पावती मी देत नाही ताई,
ती तुम्ही द्यायची."

सिडकोच्या गल्लीत टेम्पो शिरेना.
चौघांनी उचलून आणलं, शेजारच्या जिजाबाईंनी विचारलं,
पिठाची गिरणी का?
वायरमनने वेगळी अर्थिंग ओढली,
आणि मी आधी हातकरवतीने
एक ढकलकाठी कापली, टोकाला खाच असलेली.
शेवटची वीतभर फळी बोटांची नाही,
तिची.

आता रोज दहा वाजता
बांगड्या पाण्याच्या मीटरवर काढून ठेवते,
ओढणी खिळ्याला, केसांचा घट्ट अंबाडा, डोळ्यांवर चष्मा.
जुन्या द्राक्षपेट्यांच्या फळ्यांवरून
फ्रिजचं लोहचुंबक फिरवते, खिळा राहिला असेल तर चिकटतं.
पातं लाकडाच्या वर फक्त एक दात.
प्लग हातात असल्याशिवाय पात्याला हात नाही.
आणि फळीच्या रेषेत उभं राहायचं नाही,
थोडं बाजूला,
संतापलेल्या माणसाशी बोलताना राहतो तसं.

पात्यामागे एक पातळ पट्टी असते,
कापलेली भेग मिटू नये म्हणून.
लोक ती काढून ठेवतात, पटकन होतं म्हणतात.
माझ्या वर्गात 'पटकन' म्हणायला बंदी होती.

अकरा रविवार. अकरा फोटो.
प्रत्येकाला उत्तर एकच : "दहा."

बाराव्या आठवड्यात, गुरुवारी,
खोबण पाडायला मी ती पट्टी काढली
आणि परत लावली नाही.
पुढची फळी बाभळीची, अंगात पीळ असलेली.
भेग मिटली, पात्याने फळी धरली, आणि भिरकावली.
माझ्या कोपराजवळून गेली,
मागे पाण्याचा निळा ड्रम होता,
त्यात आरपार.
लाल बटण मी गुडघ्याने दाबलं असावं.
पातं थांबेपर्यंत पाणी पायाशी आलं होतं
आणि त्यावर भुसा तरंगत होता.
जिजाबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, दळण झालं का?

पट्टी लावली. प्लग काढला.
त्या दिवशी पुन्हा काही कापलं नाही,
शुक्रवारीही नाही.

रविवारी फोटो पाठवला.
उत्तराला वेळ लागला.
"दहा. पण फोटो हललाय. काय उडालं?"
ड्रम, मी लिहिलं.
"लाकूड?"
बाभूळ. पिळलेली.
"मागची पट्टी?"

मी न बघता टाइप करते, तीस वर्षं झाली.
'होती' लिहिलं.
खोडलं.
'नव्हती' लिहून पाठवलं.

मग बराच वेळ पलीकडे
टाइप करत आहे, टाइप करत आहे
एवढंच दिसत राहिलं.
एका बोटाने लिहितात ते, एकेक अक्षर शोधत,
आणि मी, जिने कुणालाच कधी
इतका वेळ दिला नाही,
हात मांडीवर ठेवून थांबले.