दुसरा गियर सुटतो

सास्काटूनचा फेब्रुवारी. बाहेर उणे एकतीस,
शटरखालून बर्फ बोटभर आत आलेला.
कंबरेइतका आमचा ट्रॅक्टर
लाकडी ठोकळ्यांवर, चाकांवाचून,
तेल काढून घेतलेला, पोट उघडं.

काल वजनाची घसरगाडी ओढताना
दुसरा गियर सुटला.
दांड्याला कुणी हात लावला नव्हता.
इंजिन एकदम मोकळं ओरडलं,
गाडी जागच्या जागी,
आणि एल्डन सीटवर दोन्ही हात वर करून,
झडती चालल्यासारखा.

कागदावर सगळं होतं:
दोन सळया, दोन काटे, सरकणारी कडी,
कडीला सहा दात, गियरला सहा.
सळयांच्या मधे एक पिन,
एक सरकली की दुसरीला अडवणारी.
त्या पिनेवर माझे तीन आठवडे गेले.
दारिया म्हणाली, आमच्या घरची मोटारीची किल्ली अशीच,
एक भावंड बाहेर, तर बाकीची घरात.

न्यूट्रलसाठी गोळी आणि स्प्रिंग.
पहिली स्प्रिंग पेनातली; ती जाणवलीच नाही.
दुसरी इतकी कडक की एल्डननं
पाय टेकवून, दोन्ही हातांनी ओढली.
तिसरी दारियाच्या काकाच्या पेरणीयंत्रातली.
त्याला विचारून आणली का, हे आम्ही तिला विचारलं नाही.
अंधारात, हातमोजा घालूनही
दांडा डावी-उजवीकडे झुलला की कळायला हवं,
आपण आत्ता कुठेच नाही.
ही कुठेच नसण्याची जागा
मिलिमीटरमध्ये बसवायला फार वेळ लागतो.

रात्री अकराला लोव्हेल आला, कुलूप लावायला.
डाव्या करंगळीचं अर्धं पेर
कधीतरी एका लेथनं ठेवून घेतलेलं.
त्यानं कडी दिव्यापाशी नेली,
दाताच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.
तिथे चकाकी होती, नखाएवढी.
"सरळ कापलेत," म्हणाला.
"सरळ दात ओझ्याखाली बाहेर सरकतात.
मुळाशी बारीक करा. तीन अंश.
मग जेवढं ओढाल तेवढी मिठी घट्ट."
आणि कुलूप विसरून निघून गेला.

तीन अंश!
मी स्प्रिंगला दोष दिला होता, काट्याला,
एल्डनच्या गुडघ्यालासुद्धा.

बारा दात, प्रत्येकाला दोन कुशी.
चोवीस वेळा कटर खाली आला.
दारिया युक्रेनियनमध्ये मोजत होती,
सतरावर अडखळली,
मशीन थांबवलं, बोट लावून पुन्हा मोजलं:
सतराच.

पहाटे जोडणी झाली. एल्डन बाकावर
बूट घालूनच झोपलेला.
दारियानं दांडा ढकलला: खट्.
मी ढकलला: खट्.
मग उगाच, आळीपाळीनं,
त्याची झोप मोडेपर्यंत.

ओझं अजून ओढलेलं नाही.
सोमवारी ओढू.
सुटलाच, तर चार अंश.