गाबोळी

परळच्या तळघरात, तीन नंबरच्या खोलीत
मी सगळ्यांना एकच सांगतो :
डोळे मिटा, आवाज होईल, हलू नका.
जागृती वैती, वय सत्तेचाळीस, वरळी कोळीवाडा,
म्हणाली, "मिटत नाय रं. तीच तर बोंब हाय."

जोडवी, कुड्या, कमरेची चावी
स्टीलच्या डब्यात टाकून ती आडवी झाली.
बोटांना बर्फाचा वास, हळदीचा, पापलेटाचा.
पापण्यांखाली पांढरी फट उरलेली.
मी ओला कापूस ठेवला दोन्हींवर.

कागदावर होतं : थायरॉइड, वजन घटलं,
छातीत धडधड, एकाचे दोन दिसतात.
कागदावर नव्हतं ते तिनंच सांगितलं :
तराजू दोन दिसतात, सुरमई कधी कधी
खोट्या पारड्यात टाकते, धप्पकन जमिनीवर.
पण गिऱ्हाईक आताशा घासाघीस करत नाही.
आणि दीर, दर शनिवारी पैशाला यायचा,
तो उंबऱ्यावरूनच फिरला,
वैनी डोळे वटारते म्हणून.
"मी कुठं वटारतंय? देवानं वटारलं."

पडद्यावर तिचे डोळे आडवे कापून आले.
मागचे स्नायू फुगलेले, मधे जाड, टोकांना बारीक.
रिपोर्टात याला एक ठरलेलं वाक्य आहे.
मला दिसली गाबोळी,
रावसाच्या पोटातून न फोडता काढलेली जोडी,
आणि त्या दाटीत अंग चोरून
नजरेची नस.
दबलेली नाही. अजून नाही.

मग खाली, मेंदूच्या तळाशी,
जिथं हाडाचं इवलं खोगीर असतं,
वाटाण्याएवढी ग्रंथी त्यावर बसून
गळ्यातल्या ग्रंथीला हुकूम सोडते.
हिच्या खोगिरावर स्वार नाही.
पाणी. आणि तळाला चिकटलेलं
पापुद्र्यासारखं काहीतरी.
डॉक्टर कापडिया वाकून बघत म्हणाले,
"असतं कुणाकुणाला. ज्यासाठी आली ते हे नव्हे.
पण लिही."
मी लिहिलं.

बाहेर आल्यावर तिनं आधी चावी घेतली.
"मासा ताजा कसा वलखतात, ठाव हाय ना?
डोला वर पायजे. आत गेला की शिला."
मग आवाज उतरवून,
"गोल्यांनी परत आत जातील काय रं?"
म्हणालो, थोडे तरी जातील. वेळ लागेल.
ती कुडी कानात अडकवत राहिली,
भोक सापडेना,
दोन कान दिसत असावेत आरशात.
"बरं," म्हणाली,
"दिराला कलवू नको."